तिवरांतली जागा

कुशाबाला लालबागेत येऊन आठ वर्षं झाली होती. त्याच्या बायकोला आठ महिनेही झाले नव्हते, आणि तेवढ्यातच ती मुंबईला विटली होती. रमाबाई जैतापूरच्या खाडीकाठची. शिमग्यानंतर आगबोटीने आली, चाळीतल्या खोलीत चूल मांडली, आणि पहिल्या पावसाच्या दिवशी शांतपणे म्हणाली की इथं पाणी चिक्कार आहे, पण खाडी नाही. पावसाळ्यात आगबोटी बंद असतात. त्या सुरू झाल्या की दिवाळीच्या आत आपण एकटीच गावी जाणार आणि परत येणार नाही. ती भांडली असती तर कुशाबाला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या बाईची समजूत घालता येते; जिने मनातल्या मनात बोचकं बांधलंय तिला काय सांगणार?

पण गडीही हट्टाला पेटला. खाडी नाही म्हणते ना, मग शोधून काढू. त्याच्या गिरणीला आताशा रविवारची सुट्टी असे. दर रविवारी उजाडता उजाडता तो गळाची गरी, दोरी आणि आमिषाला पानात बांधलेली कोलंबी घेऊन मासे गरवायला निघू लागला. अशा वेळी घरच्यांनी ‘कुठे’ म्हणून विचारायचं नाही, हा त्यांच्याकडचा जुना नेम. विचारलं की मासा गरीला तोंड लावत नाही. आणि चांगली जागा हाती लागलीच तर ती सांगायची नाही, बायकोलासुद्धा नाही. जागा बोलून दाखवली की मासे उठून जातात. कुशाबाच्या बापाने आपली जागा मरताना सांगितली होती, तीही कानात. त्यामुळे रमाबाई विचारत नसे आणि कुशाबा सांगत नसे, असा त्यांचा रविवारचा संसार चालला होता.

गिरगावच्या चौपाटीवर माणसांचीच इतकी वर्दळ की मासा किनाऱ्याला कशाला येतोय! वरळीच्या खडकांवर पुतळाबाई नावाची कोळीण जाळं विणता विणता उठून आली. समुद्र देवाचा असला तरी हे खडक माझ्या लेकांचे आहेत, असं तिने त्याला बजावलं. मग त्याच्या हातातली एवढीशी गरी पाहून तिला हसू फुटलं. खाडी हवी तर मावळतीला काय शोधतोस, म्हणाली. उगवतीला जा, शिवडीच्या किल्ल्यापलीकडे, चिखलाला भिणार नसशील तर.

कुशाबा चिखलाला कसला भितोय. पुढच्याच रविवारी तो शिवडीला गुडघाभर गाळ तुडवत तिवरांच्या झाडीत शिरला आणि जागच्या जागी थांबला. आत एक चिंचोळी पाणवाट होती. पाणी इतकं संथ की ते चढतंय की उतरतंय, हे मुळांवरच्या ओल्या रेघेवरूनच कळावं. चिखलातून बुडबुडे येत होते, निवटीचे चिमुकले मासे त्यावर उड्या मारत होते, आणि एक बगळा जणू त्याचीच वाट पाहत एका पायावर उभा होता. गिरण्यांची धुराडी झाडांमागे बुडून गेली होती. तो एका खडबडीत दगडावर बसला, दोरी सोडली, आणि आपण कोणत्या गावात आहोत हेच त्याला आठवेना. आता हाक मारली तर पलीकडच्या काठावरून आई ओ देईल, असं त्याला वाटलं. डोळे भरून आले, तेव्हाच गरीला तांबोशी लागली.

त्यानंतर एकही रविवार रिकामा गेला नाही. रमाबाई मासे साफ करी, तिरफळं घालून झकास कालवण करी आणि जेवताना नावाजीही. बोचकं मात्र आता खरोखरच भिंतीशी येऊन बसलं होतं. आगबोटी सुरू झाल्या. सोमवारची बोट ठरली आणि शेजारच्या गणपतने तिला धक्क्यावर पोचवायचं कबूल केलं.

आदल्या शनिवारी संध्याकाळी कुशाबा दोरीचा गुंता सोडवत बसला होता. रमाबाई त्याच्यासमोर येऊन बसली.

“तुमचं धोतर मीच धुते,” ती म्हणाली. “तो चिखल आपल्याकडचा हाय. इतके रविवार मी त्या वासावर रडतेय, आणि तुम्ही मला मासे आणून देताय.”

कुशाबाने गुंता तसाच बाजूला ठेवला. रात्रभर तो कुशी बदलत राहिला. जागा गेली तर आपल्याला या शहरात उरलं काय? आणि हीच गेली तर? पहाटे त्याने तोड काढली. जागा सांगायची नाही, असा नेम होता. दाखवायची नाही, असं बापाने म्हटलं नव्हतं. त्याने तिला उठवलं आणि नुसतं चल म्हणाला.

नेमाने आपलं खरं केलं. दिवसभरात गरीला एक शेंगटीसुद्धा लागली नाही. रमाबाईने मात्र लुगडं वर खोचलं, पाय गाळात रुतवले आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग कुशाबा बसला होता त्या दगडाकडे तिचं लक्ष गेलं.

“उठा,” ती म्हणाली. “कालवांवर बसलाय तुम्ही.”

दगड खालपर्यंत शिंपल्यांसारख्या कालवांनी लगडला होता. कालवं काढणं हे त्यांच्याकडे बायकांचं काम, म्हणून त्याला ती कधी दिसलीच नव्हती. तिने दुसऱ्या दगडाने फोडून तिथल्या तिथे दोन-चार खाल्ली आणि बाकीची पदरात बांधली. उद्याची बोट मात्र ठरलेलीच होती.

सोमवारी गिरणीत त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सुटल्यावर तो मुद्दामच रमतगमत आला. खोलीचं दार उघडं होतं, बोचक्याचं फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं होतं, आणि घरभर कालवांचा वास सुटला होता. त्याने चुलीपुढे दोन पाट मांडले.

पुढच्या रविवारी त्याला भांड्याच्या आवाजाने जाग आली. रमाबाई टोपली आणि कोयती घेऊन बाहेर पडत होती.

“कुठे चाललीस?” झोपेत त्याच्या तोंडून निघून गेलं.

रमाबाईने कपाळावर हात मारला. “झालं. आता कालवं मिळायची नाय,” ती म्हणाली, आणि टोपली खाली ठेवून त्याच्यासाठी थांबली.