इंदूबाईंच्या आवाजातला माझा निरोप

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. आकाराने म्हणाल तर चिंचोक्याएवढा. एका बाजूला दोन तारा, दुसऱ्या बाजूला एक, आणि पाठीवर स्वप्नीलने नेलपेंटने काढलेला लाल ठिपका. असा मी दिसतो किरकोळ, पण आजवर तीन विमानांतून उडालोय आणि एकदाही खोटं बोललेलो नाही. हे मी मान वर करून सांगतो.

माझं काम आधी समजून घ्या. स्वप्नील रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवतो. तो खाली माळावर उभा राहून विमानाला हुकूम सोडतो, वळ म्हटलं की ते वळतं. पण वर विमानाच्या पोटात काय चाललंय, बॅटरीत किती जोर उरलाय, हे त्याला खालून कसं दिसणार? ते मी मोजतो आणि बिनतारी निरोपाने रिमोटला कळवतो. याला टेलिमेट्री म्हणतात. हुकूम खालून वर जातात, खरी परिस्थिती वरून खाली येते. आता यात मोठं काम कोणाचं, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हजारो भावंडांसोबत माझी परीक्षा झाली, मी पास झालो आणि एका पाकिटात बसून कर्जत-खालापूर रस्त्यालगतच्या या गावात आलो. वाटलं, आता आभाळ! पण स्वप्नीलने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "विमान डोळ्यांनी दिसतंय की मला. ह्यो कशाला पायजे?" आणि मला स्क्रूंच्या डब्यात टाकलं. त्या डब्यात मी अख्खा पावसाळा काढला. शेजारी गंजके खिळे. मला फार अपमान वाटला.

स्वप्नील खोपोलीच्या एका कंपनीत नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो भिवाजीकाकांच्या पडीक माळावर विमान उडवायचा. माळाला लागूनच काकांचं खाचर. भात कापून झालं की काका त्यात वाल पेरतात. एका रविवारी स्वप्नीलचं पिवळं विमान बॅटरी संपून वरच्या वर दमलं आणि थेट फुलावर आलेल्या वालात पडलं. ते शोधायला चार मित्र धावले आणि त्यांनी निम्मा वाल तुडवला. काका बांधावर येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत, हेच वाईट.

"स्वप्नील, यंदा सोडतो," ते म्हणाले. "परत जर विमान माझ्या वालात आलं, तर माळ बंद. मंग तुझा बा सांगायला आला तरी ऐकायचा नाय."

आसपास दुसरी मोकळी जागा उरलेली नाही. जिकडे पाहावं तिकडे फार्महाऊसची कुंपणं. माळ बंद म्हणजे उडणंच बंद, हे स्वप्नीलला कळत होतं.

त्या रात्री तो जेवला नाही. मग त्याच्या बायकोने, सोनालीने, स्क्रूंचा डबा ताटात उपडा केला आणि मला बाहेर काढलं. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. तिने मला पुसलं, तारा जोडल्या आणि नव्या विमानात बसवलं. मी लगेच कामाला लागलो. बॅटरी उतरली की मी निरोप धाडायचो आणि रिमोटमधून एक बाई इंग्रजीत गोड आवाजात म्हणायची, "लो बॅटरी." स्वप्नीलने तिकडे लक्षच दिलं नाही. फोन दिवसभर तेच म्हणतो, त्याच्या कानाला सवय झालेली. विमान बांधापाशी कसंबसं टेकलं. वाल वितभर लांब होता.

सोनाली वैतागली. म्हणाली, "घरात एकच आवाज असा हाय, की तो आला की तुमी हातातलं टाकून उठता."

तो आवाज म्हणजे स्वप्नीलची आई, इंदूबाई. रिमोटमध्ये आपला आवाज भरता येतो. सोनालीने फोन पुढे धरला आणि म्हणाली, "आई, हळू बोला." पण पोराला हाक मारायची आणि ती हळू, हे इंदूबाईंना जमेना. चुलीपासून शेताच्या टोकाला पोचेल अशा आवाजात त्या ओरडल्या, "बॅटरी संपली रं! खाली ये!" आणि नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. ती शिट्टीही आवाजात तशीच राहिली. आमच्या निरोपाला आता शेवटी शिट्टी असते.

मग तो दिवस आला. माळावर सगळी मंडळी जमली होती, भिवाजीकाकासुद्धा. इंदूबाई पहिल्यांदाच विमान बघायला आल्या होत्या. मी वर होतो. खाली काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं, कारण घरात महिनाभर दुसरा विषयच नव्हता. वर माझ्याभोवती मात्र घाटाकडून जोराचा वारा सुटला होता. विमान वाऱ्याशी झगडत होतं आणि बॅटरी भराभर उतरत होती. रिमोटवर स्वप्नील उडण्याची वेळ लावून ठेवतो; त्या घड्याळाप्रमाणे अजून भरपूर वेळ होता. घड्याळाला वारा काय माहीत?

इंदूबाई हरखून म्हणाल्या, "आपल्या घरावरनं घे रं! अजून एक फेरी मार!"

त्याच क्षणी मी निरोप धाडला आणि रिमोट ओरडला, "बॅटरी संपली रं! खाली ये!" आणि शिट्टी.

सगळे खो खो हसले. "मी कवा म्हटलं खाली ये? मार फेरी!" इंदूबाई म्हणाल्या. मित्र म्हणाले, "वेळ हाय अजून, मार!" मी परत निरोप धाडला. परत शिट्टी. स्वप्नीलने घड्याळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, वालाकडे पाहिलं. आणि विमानाचं नाक माळाकडे वळवलं.

आम्ही वालावरून येत होतो. मोटरने शेवटचा जोर लावला, बांध ओलांडला आणि पंखा थांबला. चाकं माळावर टेकली. स्वप्नीलने धावत येऊन विमान उचललं. फेरी मारली असती तर काय झालं असतं, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

भिवाजीकाका इंदूबाईंना म्हणाले, "वहिनी, तुमचं ऐकलं असतं तर माझा वाल गेलाच होता. बरं झालं, पोरानं तुमचंच ऐकलं."

इंदूबाईंनी पदर सावरला आणि ऐटीत म्हणाल्या, "मंग! आवाज कुणाचा हाय?"

आवाज त्यांचाच, मित्रांनो. पण बोल माझे होते. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तो अजून उतरलेला नाही.

आता माझी एक तार चिकटपट्टीने बांधलेली आहे. माझ्याहून हुशार नवे सेन्सर आलेत, उंची सांगणारे, वेग सांगणारे. त्यांना माझा आशीर्वाद आहे. भिवाजीकाका मात्र दर हिवाळ्यात माळ देण्याआधी विचारतात, "आय बोलती ना रं त्यात?" आणि मग सोनाली मला नव्या विमानात बसवते.

तेव्हा एवढंच मागतो. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला गंजक्या खिळ्यांत टाकू नका. पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा, उडण्याआधी त्याची तार घट्ट आहे का बघा. आणि तो बोलला की शिट्टीला खुशाल हसा, पण आधी विमान खाली घ्या.