मागावर बसणारा माणूस

“कोनी मानणार नाई, पन म्या मशीनले माग शिकवला,” ईश्वरदास म्हणाले आणि चहाची बशी फुंकू लागले. इतवारीतली टपरी, संध्याकाळची वेळ. बाजूला नात पायल टोस्ट घेऊन बसलेली.

शेजारचे मारोतराव हसले. “मांगच्या महिन्यात तं तुमी वाघाले लुगडं नेसवलं होतं गा.”

“तो वाघ लहान होता. हे आइका.”

गोष्टीची सुरुवात तेवढी खरी होती. पायलच्या शाळेत एआयवाला टॅब आला होता. लेकरांच्या घरादारातले दाखले देऊन शिकवणार म्हणे. त्याने विचारलं, घरी कोण काय काम करतं? पायल म्हणाली, “माह्ये आबाजी मागावर बसत.” टॅबला विणकराचा माग कुठून ठाऊक असणार? त्याने वाक्य शुद्ध करून दिलं, ‘माझे आजोबा मागायला बसत.’ वर चित्रही काढलं. देवळाची पायरी, म्हातारा, पुढ्यात कटोरा. अख्खा वर्ग खिदळला. तेव्हापासून पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती. घरीसुद्धा हूं की चूं नाही.

“मंग घुसलो वर्गात,” ईश्वरदासांनी मांडी ठोकली. “म्हनलं, काहून बे, मी भिकारी दिसतो तुले? हयात गेली माही नऊवारी विणण्यात. असा मागावरचा सूत नेनारा धोटा फेकला, का मशीन लटलट कापाले लागली. म्हणते कशी, चुकलं माह्यं, आबाजी.”

“माह्यं म्हनली?”

“अस्सल नागपुरी.”

टपरी हसली. पायल हसते का, हे ईश्वरदास डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होते. तिच्यासाठीच तर एवढी थाप. खरं म्हणजे पायलच्या वर्गशिक्षिका प्रेमलताबाईंनी त्यांना वर्गाच्या दारातच सांगितलं होतं, “काका, मी कितीदा तक्रार केली. टॅबमधलं ते वरूनच येते. माझ्या हाती काही नाही.” ईश्वरदास तसेच आल्या पावली परतले होते.

“नाई पटत तं इले विचारा. सांग वं बेटा, काय म्हनली मशीन?”

टोस्ट चहात गळून पडला. पायलने तो काढला नाही.

“हे खोटं आहे, आजोबा,” ती एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली. “तुम्ही आत आलाच नाहीत. तुम्ही दारात उभे होतात. हात जोडून.”