परवाचं विमान

"परवाचं तिकीट द्या न्हाईतर तेरवाचं द्या. पण माझी गाय कोण परत देणार?"

पुण्याच्या विमानतळावर काउंटरमागची पोरगी रत्नाबाईकडे बघतच राहिली. विमान रद्द झालं म्हणून सकाळपासून माणसं तिच्यावर डाफरत होती. कुणाची मीटिंग बुडाली होती, कुणाचं लग्न. गाय मागणारी मात्र ही पहिलीच.

"अगं चल, लोकं बघाया लागली," गोकुळ बायकोचा दंड धरून म्हणाला.

"बघू द्या! काल दावं सोडलं ते ह्याच इमानासाठी ना? आता इमान बी न्हाई आन गाय बी न्हाई!"

यात खोटं काय होतं? पिंपरी पेंढारच्या त्यांच्या गोठ्यात आठ वर्षं चांदीची धार रत्नाबाईनेच काढली. दुसरा हात कासेला लागला, की गाय पान्हा चोरायची, लाथ झाडायची. गोकुळने एकदा बायकोची साडी गुंडाळून बसून पाहिलं, तर बादली उकिरड्यावर आणि गोकुळ शेणात! रत्नाबाई दारात उभी राहून पोट धरून हसली होती. कुणी धार काढायला बसलं, की ती अशीच दारात उभी राहायची. गाय तिच्याकडे बघायची आणि पान्हा आटवायची. खरं सांगायचं तर, बाईला त्याचं सुख वाटायचं.

पण त्यापायी तिला घर सुटलं नाही. अवसरी खुर्दला माहेरी, भावाकडे, गेणूदादाकडे, आई अंथरुणाला खिळली, तेव्हा ती रात्रभर राहीन म्हणून गेली, तर दिवेलागणीलाच गोकुळचा फोन: कास दगडावाणी झालीय, हंबरतीय, ये. आईने हात घट्ट धरला होता. तो सोडवून ती निघाली. इकडे चांदी मोकळी झाली आणि तिकडे आई गेली. "मुक्या जनावराचा जीव तरी वाचला," असं ती भेटेल त्याला सांगायची. रडायची मात्र चांदीच्या गळ्यात पडून.

आता लेकीने, वृषालीने, केरळची तिकिटं पाठवली. चार दिवस गाय कोण पिळणार? गोकुळने तोड काढली, विकून टाकू, आल्यावर गरीब गाय घेऊ. रत्नाबाई दोन दिवस धड जेवली नाही, मग हो म्हणाली. काल संध्याकाळी भगवंत व्यापारी चांदीला टेम्पोत घालून घेऊन गेला.

"आज बेल्ह्याचा बाजार हाय," विमानतळाच्या दारात रत्नाबाईला एकदम आठवलं. "भगवंता तिला पिळायचा न्हाई. कास भरलेली दिसावी म्हणून तुंबवून ठेवत्यात ही लोकं. फुटंल वो ती! चला!"

बेल्ह्यात पोचले तेव्हा बाजार उठत आला होता. चाकांची नवी बॅग शेणामुतातून ओढत गोकुळ मागे, नव्या साडीतली रत्नाबाई पुढे. भगवंत चहा पीत होता.

"वहिनी, ती तर अकरालाच गेली. कॅनॉलच्या कडंला प्रतिभाताईची वस्ती हाय, तिनं नेली."

"पिळली व्हती का?"

"बाजारात कोण पिळतंय व्हय?"

वाटभर रत्नाबाई घोकत होती. पाया पडू, चार पैसे जास्त देऊ, पण गाय घेऊन जाऊ. तिला आई गेली त्या संध्याकाळचं हंबरणं ऐकू येत होतं. इमान खड्ड्यात जाऊ दे, म्हणाली.

वस्तीवर हंबरणं नव्हतं. गोठ्यातून बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता.

चांदी घमेल्यात तोंड घालून भिजवलेली पेंड खात होती. तिच्या कासेशी पंचविशीतली प्रतिभा बसली होती, शेजारी मोबाइलवर गाणं लावलेलं. बादली निम्मी फेसाने भरली होती.

"कोण पायजे, मावशी?"

गोकुळ बोलणार, तोच रत्नाबाईने त्याला हाताने थांबवलं. "लाथ मारत न्हाई?"

"छ्या! लई गरीब गाय. पयल्यांदा जरा हिसकली, मग पेंड म्होरं ठेवली, पाठ खाजवली. सोडला की पान्हा."

"चांदे," रत्नाबाई हळूच म्हणाली. गायीने कान हलवला, एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड घमेल्यात घातलं. धार थांबली नाही.

आईच्या बोटांची पकड रत्नाबाईला मनगटावर जाणवली. कुणीही पिळली असती हिला, आपण दारातून हललो असतो तर.

"तुमची व्हती का?" प्रतिभाने विचारलं.

"न्हाई गं. वाटेनं चाललो व्हतो." दोन पावलं गेली आणि वळली. "मागच्या डाव्या सडाला हलक्या हातानं धर. जुनी जखम हाय तिथं."

प्रतिभाने मोबाइल बंद केला.

रस्त्यावर आल्यावर गोकुळ चाचरत म्हणाला, "वृषालीला परवाचं इमान सांगू का?"

"सांगा."

"मग आता घरी?"

"नगं. अवसरीला जाऊ, गेणूदादाकडं. आईच्या खोलीत यक रात ऱ्हायचंय मला." तिने पदराने तोंड पुसलं. "आता कुणाचा फोन येत न्हाई."

बॅग तिने स्वतःच्या हातात घेतली. चाकांना बाजारातलं शेण लागलं होतं. तिने ते पुसलं नाही.