ठकीची पेअरं

टोपलीतल्या पेअरांना तिने सकाळपासून किती वेळा हात लावला असेल, देव जाणे. देठाजवळ अंगठ्याने हळूच दाबायचं, मऊ लागलं की फळ पिकलं, एवढं तिला ठाऊक होतं. पण ही पेअरं दगड ती दगडच. आणि सोमवार तर दाराशी येऊन बसलेला.

सोमवारपासून ती चष्म्याच्या दुकानात परत रुजू होणार होती. मागच्या अंधाऱ्या खोलीत मशीनपाशी बसून काचा फ्रेमच्या मापाला घासायच्या, हे तिचं काम. बाळंतपणाची रजा ताणून ताणून आता तुटायला आली होती. दुकानाच्या मालकीणबाई फोनवर अगदी गोड बोलल्या होत्या, "बाळ आधी, काम नंतर, खरंच आहे. पण सोमवारी जमणार नसेल तर तसं सांग बाई, म्हणजे मला दुसरी मुलगी बघता येईल." त्या गोडव्यानेच तिची झोप उडाली होती.

अडचण एकच, आणि तिला नुकते दोन दात आले होते. आईच्या दुधाशिवाय या जगात खाण्याजोगं काही आहे, हेच ठकीला मान्य नव्हतं. मऊ भात तिने थुंकला, वाफवलेलं सफरचंद थुंकलं, गाजराची तर बापाच्या शर्टावर नक्षी काढून मोकळी झाली. एकदाच काय ते शेजारणीने दिलेलं पिकलेलं पेअर तिने मिटक्या मारत खाल्लं होतं. तेही आईच्या हातून. आजीने चमचा पुढे केला की तोंडाला कुलूप.

म्हणून बेत ठरला, रविवारी आजीच्या हातून पेअर. खाल्लं तर सोमवारी कामावर, नाही खाल्लं तर मालकीणबाईंना फोन. त्यासाठी चांगली टोपलीभर पेअरं आणली. कच्ची होती, पण रविवारपर्यंत पिकतील, असं वाटलं होतं.

नातीला सांभाळायला सासूबाई आपलं घर कुलूपबंद करून राहायला आल्या होत्या. आल्या त्याच दिवशी फ्रिज उघडून म्हणाल्या, "फळांना कशाला गं थंडीत कोंडायचं?" सहज बोलल्या आणि चहाला लागल्या. हिने मात्र ते मनाला लावून घेतलं. हिच्या माहेरी फळ घरात आलं की धुऊन पुसून थेट फ्रिजमध्ये जायचं. उघड्यावर ठेवलेलं फळ पाहिलं की तिला उगाच चिलटं दिसायला लागत. पण ज्यांच्या भरवशावर पोर सोडून जायचं, त्यांचं एवढंसं ऐकायला नको? तिने मन घट्ट केलं आणि पेअरांची टोपली जेवणाच्या टेबलावर ठेवली.

अंघोळ करून आली, तर टोपली रिकामी. पेअरं फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, शहाण्यासारखी रांगेत.

तिने ती बाहेर काढली. ठकीला झोपवून उठली, तर पुन्हा आत. आठवडाभर हेच. तिने नवऱ्याला गाठलं.

"तू ठेवतोस का रे पेअरं फ्रिजमध्ये?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोटांचं वंगण चोळून धुता धुता तो म्हणाला, "मी दिवसभर माणसांना वरखाली करतो. घरी येऊन पेअरांना आतबाहेर करायची हौस नाही मला."

"मग कोण?"

"पाय फुटले असतील. ठकीच्या आधी तीच चालायला लागली म्हणायची."

तिला हसू आलं नाही. हल्ली तिला कशाचंच हसू येत नव्हतं. एका जागी बसवत नव्हतं. ठकीचे कपडे घडी करायची, मोडायची, पुन्हा घडी करायची. ठकी उपाशी राहील, या भीतीने जीव खालीवर व्हायचा. आणि त्या भीतीच्या आड दुसरीही एक होती, जिचं नाव ती स्वतःशीही घेत नव्हती.

रविवार उजाडला. ठकीला खुर्चीत बांधून बसवलं, गळ्यात लाळेरं अडकवलं. सासूबाईंनी पदर खोचला. तिने पहिलं पेअर चिरलं. बाहेरून कडक, आत गाभ्याशी तपकिरी. दुसरं चिरलं, ते नुसतंच कच्चं, सुरीला दाद देईना. सालीवर जागोजाग अंगठ्यांचे काळे डाग. आणि ते सगळे तिच्याच अंगठ्याचे नव्हते.

"आई," ती म्हणाली. आवाज नको तेवढा चढला. "ही तुम्ही आत ठेवत होतात?"

"हो. म्हणजे, तुझी पद्धत तीच ना."

"अहो, पण तुम्हाला आवडत नाही म्हणून मी बाहेर ठेवत होते."

"मला कुठे आवडत नाही?"

"फळांना थंडीत कोंडू नये म्हणालात."

"बोलले असेन गं. मी काय, दिवसभर काही ना काही बोलतच असते." सासूबाई ओट्याला टेकल्या. "मला वाटलं, तू माझ्या धाकाने बाहेर काढून ठेवतेस. पोर माझ्या हवाली करायची तुला, त्यात फळावरून कुरबुर कशाला? तुझी पाठ वळली की गपचूप आत टाकायचे."

दारात उभा नवरा म्हणाला, "थोडक्यात, तुम्ही दोघींनी मिळून पेअरांना आठवडाभर हवापालट घडवला."

"तू गप रे," दोघी एकदम म्हणाल्या.

ठकीने टेबलावर थाप मारली. तिला भूक लागली होती. तिच्या आईचा हात आपसूक ओढणीकडे गेला. सासूबाईंनी तो पाहिला, आणि खुर्ची ओढून ठकीसमोर बसल्या.

"जा तू. बाहेर जा."

"पण पेअर तर सगळं..."

"एका अंगाने जरा मऊ आहे हे. तेवढं चमच्याने खरवडते. तू दिसलीस की ती माझ्याकडे बघत नाही, आणि मी पुढे झाले की तू तिच्यापेक्षा आधी तोंड वाकडं करतेस. बघितलंय मी."

खरंच करत असेल ती. चपला न घालताच ती जिन्यात आली. मागे दार लागलं.

आतून ठकीचं रडणं आलं. आधी रागाचं, मग हाका मारल्यासारखं. तिचा कुडता दुधाने ओला झाला. तिने ओढणी छातीशी गच्च धरली आणि एक मजला उतरली. रडणं ऐकू येईना, तशी पुन्हा चढली. दाराच्या मुठीवर हात ठेवला, काढला. आत सासूबाई बोलत होत्या, एकसारख्या, चढ नाही, उतार नाही, "अगं बघ तरी, चाटून तर बघ, नाही आवडलं तर माझ्या तोंडावर थुंक."

मग रडणं थांबलं. वाटीला चमचा लागला. थोड्या वेळाने पुन्हा लागला.

ती दाराला कान लावून उभी राहिली. मालकीणबाईंना आता फोन करावा लागणार नाही. हे कळल्यावर जिवाला थंडावा वाटायला हवा होता. वाटलाही. पण त्या थंडाव्याखालून काहीतरी टोचत वर येत होतं. माझ्याशिवाय खाल्लंन. इतक्या लवकर.

तिने दारावर हलकेच टकटक केलं.

"आई? येऊ का आत?"

"अजून नको," सासूबाई आतून म्हणाल्या. "वाटीत आहे अजून."