कैच्यांसाठी सरकवलेली भिंत

धाकटीचा धंदा पाडकामाचा. जुन्या इमारती उतरवणाऱ्या टोळीत ती ऐन तारुण्यात शिरली आणि तिथेच मुरली. थोरली बहीण मात्र लहान मुलांची शाळा चालवायची. वादळात शाळेचं छप्पर उडालं, भिंती भिजून बसल्या, आणि सगळी मुलं थोरलीच्या दोन खोल्यांच्या घरात येऊ लागली. तिचा नवरा बिचारा ताट मांडीवर घेऊन जिन्यात जेवायचा.

"मी बांधते तुझी शाळा," एका दुपारी धाकटी म्हणाली.

थोरलीला हसू आवरेना. "अगं, आजवर तू उभ्या इमारती आडव्या केल्यास. आडवी कधी उभी केलीस?"

"म्हणून तर मला ठाऊक आहे, लोक काय काय चांगलं फेकून देतात ते."

टोळीकडे तेव्हा एका बंद पडलेल्या वाचनालयाचं काम होतं. त्याच्या छपराखाली सागवानी कैच्या होत्या, छपराचा भार दोन्हीकडच्या भिंतींवर तोलून धरणाऱ्या तिकोनी चौकटी. मुकादमाला यंत्र लावून सगळं एकदम खाली आणायचं होतं.

"कैच्या मला हव्यात. मी हातानं उतरवते," धाकटीने सांगितलं.

"हातानं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सुट्टीच्या दिवशी उतरवीन. तुमचं काम अडणार नाही."

मुकादम तिला ओळखून होता. तिने एकदा जबडा आवळला की वाद घालण्यात अर्थ नसे. "घे बाई. पण एखादी डोक्यात पडली तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"डोक्यात पडल्यावर येईन कशी?"

कैच्यांची पाळी यायला अवकाश होता. तोवर तिने खालूनच माप घेतलं आणि गवंड्याला हाताशी धरून शाळेच्या भिंती चढवल्या. विटा जुन्या, पडक्या शाळेच्याच. जोडकामाला तिने हट्टाने चुना वापरायला लावला, कारण चुन्यातली वीट पुढे कधी सोडवायची झाली तर अख्खी सुटते. एका हॉटेलच्या बांधकामात उरलेली फरशी मिळाली, तीन रंगांची. दारं दवाखान्याची, खिडक्या बँकेच्या.

"मुलांना शिकवू की दाखल करून घेऊ?" थोरली दाराकडे बघून म्हणाली. पण त्या दाराला तेलपाणी तिनेच केलं.

मग कैच्या उतरल्या. दोर लावून, एकेक करून, टोळीतल्या दोघींच्या मदतीने. सुताराने मधल्या लाकडावर हातोडी वाजवली तर खणखणीत आवाज. टोकाला पटाशी लावली आणि ती लोण्यात शिरावी तशी आत गेली.

"भिंतीत गाडलेली टोकं ओलीनं कुजलीत," सुतार म्हणाला. "कापून नवे सांधे करावे लागतील. दोन्हीकडून हात हात लांबी जाईल."

"पुढे तुकडा जोडून लांबी भरून काढता येणार नाही?"

"येईल की. पण खाली मुलं बसणार. मी नाही तसला जोड देणार."

धाकटी वाळूच्या ढिगावर मटकन बसली. तिला स्वतःचाच राग आला. लाकूड भिंतीत शिरतं तिथेच कुजतं, हे तिने जन्मभर पाहिलेलं. इतरांच्या इमारतीत तिची नजर आधी तिथेच जायची. या खेपेला मात्र तिला त्या कैच्या इतक्या हव्या होत्या की वर चढून बघायचं तिने टाळलं होतं.

थोरलीचा चेहरा उतरला. "आता आईबापांना काय सांगू मी? भिंती आहेत, पण छप्पर पुरत नाही?"

धाकटीने हातांची वाळू झटकली. उठून तिने भिंतींमधलं अंतर पुन्हा मोजलं, अंगणाकडच्या भिंतीपाशी थांबली आणि म्हणाली, "छप्पर वाढत नाही ना? मग ही भिंत आत घेऊ."

गवंडी उसळला. "माझी भिंत पाडणार? ओळंबा लावून बघ, केसाचा फरक नाही!"

"म्हणूनच जिवावर येतंय. पण पाडणार."

दुसऱ्या दिवशी आत नवा पाया खणायला तिनेच सुरुवात केली. गवंडी दुपारपर्यंत फुगून बसला, मग फावडं घेऊन खड्ड्यात उतरला. "तू खणलेला पाया वाकडा जातोय," एवढंच बोलला. संध्याकाळी टोळी आली. कोणी बोलावलं नव्हतं. मागून मुकादम कुरकुरत आला, "सुट्टीच्या दिवशीही पाडकामच," आणि सगळ्यांच्या आधी भिंतीला भिडला. विटा अख्ख्या सुटल्या. त्या साफ करून नव्या पायावर चढू लागल्या. खालचे थर धाकटीने मुद्दामच ठेवले, त्यांचा अंगणात मुलांना बसायला कट्टा झाला.

खोली आखूड झाली म्हणून थोरली हळहळली, पण सुताराच्या हातून निघालेल्या कैच्या भिंतींवर चपखल बसलेल्या पाहून गप्प झाली.

पालिकेच्या इंजिनिअर बाई तपासायला आल्या. त्यांनी नवे सांधे चाचपले. "काम चांगलं दिसतंय. पण दिसण्यावर मुलं आत सोडू नका. आधी वाळूची पोती टांगून भार द्या."

धाकटीला हे पटलं. पोती चढू लागली. कैचीखाली सुताराने दोरी ताणली होती, लाकूड किती वाकतं ते कळायला. शेवटच्या पोत्याला कुठेतरी करकर वाजलं. थोरलीने धाकटीचं मनगट गच्च पकडलं.

"नवा सांधा बसतोय," सुतार पुटपुटला, पण त्याचा रंगही उडालाच होता.

बाईंनी दोरीपर्यंतचं अंतर मोजलं, भार तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. "चालेल," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "उत्तम चालेल."

कौलं चढली. मुलं आली, तीन रंगांच्या फरशीवर आपापला रंग धरून बसली आणि लाल फरशीवरून लगेच मारामारी जुंपली. थोरलीने आवाज चढवून ती मिटवली. जिन्यात जेवणारा तिचा नवरा त्या दिवशी घरात पाय पसरून जेवला. धाकटी दारात उभी राहून वर बघत होती. मुकादमाने रस्त्यावरून हाक मारली, उशीर होत होता. तिने पहार खांद्यावर टाकली आणि चालू लागली.