सालींखाली लपवलेला फोन

मी एक जुना मोबाइल आहे. काच फुटलेली, अंग जळालेलं, पण शिकल्यासवरल्यांचं घर आतून पाहिलेला. मित्रांनो, लातुरात राघवेंद्र सर म्हणजे रसायनशास्त्रातलं मोठं नाव. त्यांच्या क्लासचं स्टिकर माझ्या पाठीवर मिरवत मी त्यांच्या मुलाकडे, गंधारकडे, चार वर्षं राबलो. तेव्हा माझे लाड विचारू नका.

मग माझी बॅटरी फुगली. दुरुस्तीवाल्या जिलानीभाईंनी सरांच्या बायकोला, चंद्रप्रभाबाईंना, बजावलं होतं, "म्याडम, ही कचऱ्यात टाकू नका. माझ्याकडं द्या, मी रिसायकलवाल्याला देतो." बाई "हो हो" म्हणाल्या आणि विसरल्या.

गंधार बारावीत गेला आणि त्या घराला जणू सुतक लागलं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, मीही बंद. कपाटात ठेवला तर पोरगा शोधून काढील, म्हणून बाईंनी मला ओल्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी कोंबलं आणि वर केळीच्या साली, शिळा भात टाकला.

"इथं तो हात घालणार नाही," सर हसून म्हणाले. मला तेव्हाच त्यांची किळस आली.

गंधारनं हात घातला नाही. दुसऱ्या दिवशी डबा तसाच घंटागाडीत रिकामा झाला आणि हात घातला सिंधूनं. ती घंटागाडीवर कचरा वेगळा करते. तिनं आकडीनं मला ओढलं, आकडी बॅटरीत घुसली आणि मी भडकलो. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं भाजली. लिथियम कसं पेट घेतं, हे सर रोज तीनशे पोरांना फळ्यावर शिकवतात. आग लागो त्या शिकवण्याला!

पंधरा दिवसांनी सिंधू मला रिसायकलला द्यायला जिलानीभाईंच्या दुकानात आली. नेमके सर तिथे गंधारसाठी साधा बटणांचा फोन घ्यायला आले होते. तिची पट्टी पाहून म्हणाले, "या लोकांना हातमोजे घालायला काय होतं?"

जिलानीभाईंनी मला उलटं केलं. अर्धं स्टिकर शाबूत होतं. "सर, हे तुमचंच नाव हाय ना?"

"असली स्टिकरं आम्ही हजारांनी वाटतो," सर म्हणाले. लाज कशाशी खातात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

सिंधू शांतपणे म्हणाली, "सर, माझी लेक तुमच्याच क्लासला यायचं म्हणून राहिली व्हती. आता न्हाई धाडत. कचरा कुठं टाकावा, तेवढं तिला येतंय."

मित्रांनो, फुगलेली बॅटरी, बंद फोन जिलानीभाईंसारख्याच्या हाती द्या. डब्यात टाकलात, तरी तो कुणाच्या तरी हातातच जातो.