बाजारातला डॉक्टर

उंद्रीच्या सोजराबाईची लेक यमुना तापानं फणफणली, तेव्हा सरकारी दवाखाना दूर चिखलीला होता. बैलगाडीतून नेताना अर्ध्या वाटेतच पोर गेली.

पुढं जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर आले, तशी सोजराबाई डोक्यावरची भाजीची टोपली उतरवून त्यांच्यासमोर उभी राहिली. "साहेब, गरिबाले चिखली लय दूर पडते. बाजाराच्या दिवशी डाक्टरलेच इकडं धाडा."

साहेबांनी ऐकलं. त्या हिवाळ्यापासून दर बाजारी चिंचेखाली डॉक्टर बसू लागला.

एकदा तापानं बेजार झालेली एक पोर कडू औषध पिईना. सोजराबाईनं तिला मांडीवर घेतलं, चुचकारून औषध पाजलं.

पोरीची आई म्हणाली, "द्या आता, मावशी."

"हाव, घे माय," म्हणत सोजराबाईनं पोरीला आणखी थोडा वेळ छातीशी धरून ठेवलं.